पाळक रजेवर गेल्यावर मंडळी काय करते?

शाळेचे मुख्याध्यापक दीर्घ रजेवर गेले, तर पर्यवेक्षक त्यांचे काम पाहतात. बँकेचा शाखाधिकारी सुट्टीवर गेला, तर वरिष्ठ कार्यालय त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी पाठविते. पण एखाद्या चर्चचे पाळक तीन महिन्यांसाठी रजेवर गेले, तर काय होते? रविवारच्या उपासनेत प्रवचन कोण देते? रुग्णालयात पडलेल्या सभासदाच्या उशाशी बसून प्रार्थना कोण करते? लग्नाची तारीख आधी ठरवून घेता येते; मृत्यू मात्र कुणाच्या रजेचे वेळापत्रक पाहून येत नाही. मग अशा वेळी अंत्यविधीची जबाबदारी कुणी घ्यायची?

ब्रिटन आणि अमेरिकेतील अनेक प्रोटेस्टंट चर्चना हे प्रश्न ठरावीक वर्षांनी सोडवावे लागतात. काही वर्षे सलग सेवा केल्यानंतर पाळकाने दोन-तीन महिने नेहमीच्या कामापासून पूर्णपणे दूर राहावे, वाचन, प्रवास, चिंतन आणि विश्रांती यांत ते घालवावेत, अशी पद्धत तेथे रुळली आहे. तिला ‘सॅबॅटिकल’ म्हणतात. ही रजा पाळकाची असली, तरी तिची तयारी मुख्यतः मंडळीला करावी लागते. मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या सभासदांच्या समूहाला ‘मंडळी’ म्हणतात. चर्च म्हणजे दगडाविटांची इमारत नव्हे, तर ही मंडळी, असे प्रत्येक पाळक प्रवचनातून सांगत असतो. ते कितपत खरे आहे, याची परीक्षा तो स्वतः काही महिने व्यासपीठावर नसतो तेव्हा होते.

सातव्या वर्षाची विश्रांती

‘सॅबॅटिकल’ या शब्दाचे मूळ ‘शब्बाथ’ या हिब्रू शब्दात आहे. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, हा यहुदी जीवनाचा नियम. बायबलच्या जुन्या करारात हाच नियम वर्षांनाही लावलेला आढळतो. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सहा वर्षे शेत पेरावे आणि सातव्या वर्षी ते पडीक ठेवून जमिनीला विसावा द्यावा, असा आदेश आहे. त्या वर्षी जमिनीतून आपोआप जे उगवेल ते मालकाबरोबरच दासदासी, मजूर, परके रहिवासी आणि गुरेढोरे यांनाही खायला मिळावे, असे तेथे म्हटले आहे. मूळ नियमात विसावा जमिनीला होता आणि त्याचा लाभ सर्वांत दुर्बळ घटकांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था होती. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आधुनिक काळात ही कल्पना आधी विद्यापीठांनी उचलली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी सातव्या वर्षीच्या रजेची पद्धत सुरू केली. ज्या शास्त्रातून ही कल्पना आली, ते शिकविणाऱ्या पाळकांपर्यंत ती पोहोचायला मात्र बराच काळ जावा लागला. याचे एक कारण म्हणजे पाळकाचे काम ही नोकरी नसून पाचारण आहे, ही समजूत. देवाने ज्याला बोलाविले त्याने रजा कशी मागायची, असा संकोच पाळकांच्या मनात होता. आमचा पाळक थकतो, हे मान्य करायला मंडळ्याही तयार नव्हत्या. वास्तविक शुभवर्तमानांमध्ये खुद्द येशू गर्दीपासून दूर, एकांतात जात असल्याचे उल्लेख वारंवार येतात. कामावरून परतलेल्या शिष्यांना त्याने निर्जन स्थळी येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले, असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नमूद आहे.

पाळकाच्या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आठवड्यातून एक दिवस तासभर बोलायचे, इतकेच ते काम आहे असा समज असतो. प्रत्यक्षात बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, कुटुंबांतील भांडणे मिटविणे, तरुणांचे वर्ग, समितीच्या बैठका, इमारतीच्या दुरुस्तीचे कंत्राटदार, जमाखर्च आणि वरिष्ठ मंडळांशी पत्रव्यवहार, एवढे सारे एका माणसाकडे येते. सकाळी दफनविधी आणि सायंकाळी लग्न, असा दिवसही त्याच्या वाट्याला येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याने मनापासून सहभागी व्हावे अशी अपेक्षा असते. लोकांनी विश्वासाने सांगितलेली गुपिते त्याला कुणापाशीही बोलता येत नाहीत. रविवार हा इतरांचा सुट्टीचा दिवस त्याच्यासाठी सर्वाधिक कामाचा असतो. रात्रीचा दूरध्वनी बहुधा चांगल्या बातमीचा नसतो. अशी पंधरा-वीस वर्षे काढल्यानंतर प्रवचनात तेच तेच दाखले येऊ लागतात आणि प्रार्थना ओठांवरच राहते. पुष्कळ पाळक याच टप्प्यावर सेवा सोडून देण्याचा विचार करू लागतात.

वेगवेगळ्या चर्चची वेगवेगळी रीत

ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये सॅबॅटिकल ही पाळकाने विनंती करून मिळविण्याची सवलत नसून सेवेचाच एक भाग आहे. साधारणपणे सेवेच्या दहाव्या वर्षी पहिली आणि त्यानंतर दर सात वर्षांनी एक, अशी तीन महिन्यांची रजा तेथे मिळते. अमेरिकेत मात्र चर्चची रचना विकेंद्रित असल्याने बऱ्याच ठिकाणी हा निर्णय स्थानिक मंडळीवर अवलंबून असतो. पाळकाची नेमणूक करतानाच करारपत्रात सॅबॅटिकलचे कलम घालण्याची पद्धत काही चर्चमध्ये आहे.

या रजेला अमेरिकेत मोठे बळ दिले ते इंडियानापोलिस येथील लिली एन्डाउमेन्ट या धर्मादाय संस्थेने. औषधनिर्मितीच्या व्यवसायातील लिली कुटुंबाने १९३७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने १९९९-२००० च्या सुमारास पाळकांच्या नवचैतन्यासाठी अनुदान योजना सुरू केली. अनेक वर्षे या अनुदानाची कमाल मर्यादा ५० हजार डॉलर होती आणि त्यातील १५ हजार डॉलरपर्यंतची रक्कम मंडळीच्या खर्चासाठी वापरता येत असे. योजनेतील लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, अनुदान पाळकाच्या नावे नव्हे तर मंडळीच्या नावे दिले जाते. अर्जात पाळक काय करणार, याबरोबरच त्या काळात मंडळी काय करणार, हेही लिहावे लागते. रजा एकाची आणि फायदा दोघांचा, हे सूत्र त्यातून स्पष्ट होते.

रोमन कॅथलिक चर्चमधील व्यवस्था निराळी आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षाला जास्तीत जास्त एक महिना सुट्टी घेता येते. वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यात मोजले जात नाहीत. त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्या धर्मगुरूची सोय कशी करावी, याचे नियम बिशप ठरवितात. धर्मगुरूच उपलब्ध नसेल तेथे रविवारी प्रापंचिकांनी एकत्र जमून शास्त्रवाचन आणि प्रार्थना कशी करावी, याची मार्गदर्शिका व्हॅटिकनने १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. मिस्सा मात्र धर्मगुरूविना होऊ शकत नाही.

गैरहजेरीतून जन्मलेली परंपरा

पाळकाच्या अनुपस्थितीत सामान्य सभासदांनी पुढे यावे, ही कल्पना नवी नाही. जुन्या करारातील मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसे. अशाने तू आणि हे लोक, दोघेही झिजून जाल, अशा आशयाचा इशारा त्याचा सासरा इथ्रो याने त्याला दिला आणि कामाची वाटणी करायला लावले. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातही विधवांच्या अन्नवाटपावरून कुरबुर झाली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेल्याची हकिकत आहे. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन याने जिनिव्हा शहरातील चर्चसाठी १५४१ मध्ये जे नियम तयार केले, त्यांत पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदे होती. प्रेसबिटेरियन परंपरेतील ‘वडील’ या पदाचे मूळ येथे आहे. हे वडील वेतन घेणारे धर्मोपदेशक नसतात. दुकानदार, शिक्षक, शेतकरी असे मंडळीनेच निवडलेले सभासद असतात.

मेथडिस्ट चळवळीतील एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. १७४० च्या सुमारास या चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली लंडनबाहेर दौऱ्यावर होते. त्यांच्या अनुपस्थितीत थॉमस मॅक्सफिल्ड या तरुणाकडे लंडनच्या सभेची देखरेख होती. त्याला दीक्षा मिळालेली नव्हती. पण लोकांबरोबर प्रार्थना करता करता तो प्रवचनही करू लागला. हे कळताच वेस्ली संतापून लंडनला परतले. दीक्षा न घेतलेल्या माणसाने प्रवचन करणे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा त्यांच्या आई सुझाना यांनी त्यांना अडविले. आधी त्याचे ऐक, त्याच्या बोलण्याचे फळ काय आहे ते पाहा आणि मग ठरव, असा त्यांचा सल्ला होता. वेस्लींनी ऐकले आणि आपला विरोध मागे घेतला. पुढे ‘स्थानिक उपदेशक’ ही मेथडिस्ट चर्चची मोठी शक्ती ठरली. आजही ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये मोठ्या संख्येने उपासना चालवितात त्या असे प्रशिक्षण घेतलेले बिनपगारी स्त्री-पुरुष. अनेक चर्च मिळून एक ‘सर्किट’ होते आणि कोणत्या रविवारी कोणत्या चर्चमध्ये कोण प्रवचन देणार, याचा तक्ता तीन महिन्यांसाठी आधीच तयार असतो. त्यामुळे एक पाळक रजेवर गेला, तरी त्या तक्त्यातील काही नावे बदलावी लागतात, इतकेच.

चर्च ऑफ इंग्लंडमध्येही ‘रीडर’ हे प्रापंचिकांचे पद १८६६ मध्ये नव्याने सुरू झाले. प्रशिक्षण व परवानगी घेतलेले रीडर उपासना चालवितात, प्रवचन देतात आणि आवश्यक तेथे अंत्यविधीही करतात. ज्या चर्चकडे अशी माणसे आधीपासून तयार आहेत, त्यांना सॅबॅटिकल जड जात नाही. एकखांबी तंबू असलेल्या मंडळीची मात्र तारांबळ उडते.

तयारी वर्षभर आधी

सॅबॅटिकलची व्यवस्था नीट करणाऱ्या मंडळ्या साधारणपणे वर्षभर आधी कामाला लागतात. पहिला प्रश्न काळाचा. आगमनकाळ आणि नाताळ, तसेच उपवासकाळापासून ईस्टरपर्यंतचे आठवडे शक्यतो टाळले जातात. पाश्चात्त्य देशांत त्यामुळे मे ते ऑगस्ट हा काळ अनेकांना सोयीचा वाटतो. शाळांना सुट्ट्या असल्याने पाळकाच्या कुटुंबालाही त्याचा लाभ होतो. पाळकाची रजा आणि मुलांच्या परीक्षा एकाच वेळी आल्या, तर विश्रांती कागदावरच राहते.

दुसरे काम म्हणजे पाळक नेमके काय काय करतो, याची यादी करणे. ही यादी तयार करताना बहुतेक मंडळ्यांना आश्चर्याचा धक्का बसतो. व्यासपीठाची फुले कोण सांगतो, भाड्याने दिलेल्या सभागृहाची किल्ली कुणाकडे असते, एकट्या राहणाऱ्या वृद्धेला दर गुरुवारी दूरध्वनी कोण करतो, अशा अनेक बारीकसारीक गोष्टींचे उत्तर ‘पाळकच’ असे येते. मग एकेका कामापुढे एकेक नाव लिहिले जाते. यादीतील काही कामे कुणीच करण्याची गरज नाही, हेही तेव्हाच ध्यानात येते.

तिसरा प्रश्न व्यासपीठाचा. येथे दोन मार्ग असतात. एक म्हणजे संपूर्ण काळासाठी एकच हंगामी पाळक नेमणे. बहुधा एखादे निवृत्त पाळक ही जबाबदारी घेतात. दुसरा म्हणजे दर रविवारी वेगळा पाहुणा बोलाविणे. पहिल्या मार्गात सातत्य राहते आणि आजारी, शोकग्रस्त कुटुंबांना ओळखीचा चेहरा मिळतो. दुसऱ्यात विविधता असते, पण भेटीगाठींची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. म्हणून अनेक चर्च व्यासपीठासाठी पाहुणे आणि भेटींसाठी मंडळीतीलच तीन-चार अनुभवी सभासदांचा गट, असा मधला मार्ग काढतात.

चौथा प्रश्न संस्कारविधींचा, आणि तो सर्वांत नाजूक. प्रवचन कुणीही जाणता सभासद देऊ शकेल. प्रभुभोजनाचा विधी कोण चालवू शकतो, याबाबत मात्र चर्चाचर्चांत मतभेद आहेत. अँग्लिकन चर्चमध्ये तो दीक्षित धर्मगुरूच चालवू शकतो. त्यामुळे महिन्यातील एखाद्या रविवारी शेजारच्या चर्चमधील धर्मगुरूला बोलवावे लागते. प्रेसबिटेरियन चर्चमध्येही सामान्यतः दीक्षित पाळक हवा. मात्र अमेरिकेतील त्यांच्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये प्रादेशिक मंडळाच्या परवानगीने वडिलांना हा अधिकार देता येतो. बॅप्टिस्ट परंपरेत स्थानिक मंडळीच सर्वाधिकारी असल्याने ती आपल्यापैकी कुणालाही या कामासाठी निवडू शकते. प्रशासनाचेही असेच आहे. प्रेसबिटेरियन व्यवस्थेत वडिलांच्या सभेचा अध्यक्ष पाळकच असतो. त्याच्या गैरहजेरीत सभा भरवायची, तर त्याच प्रादेशिक मंडळातील दुसऱ्या पाळकाला अध्यक्षस्थानी बोलवावे लागते. हे आधी न ठरविल्यास छपराच्या गळतीसारखा साधा निर्णयही तीन महिने अडून राहतो.

दूरध्वनी न करण्याचा नियम

सॅबॅटिकलच्या काळात पाळकाशी संपर्क साधायचा नाही, हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला अतिशय कठीण असतो. ‘फक्त एक शंका विचारायची होती’ अशा शब्दांनी सुरू होणारा दूरध्वनी रजेचा हेतूच नष्ट करतो. भ्रमणध्वनी आणि ई-मेल आल्यापासून तर माणूस हिमालयात गेला तरी कार्यालय त्याच्या खिशात असते. म्हणून काही मंडळ्या एकाच व्यक्तीला, बहुधा एखाद्या ज्येष्ठ वडिलांना, पाळकाचा पत्ता देऊन ठेवतात. कळविण्याजोगे काय आणि नाही काय, हे त्यांनी ठरवायचे.

खरी कसोटी मृत्यूच्या वेळी लागते. तीस वर्षे चर्चमध्ये येणारे एखादे वृद्ध सभासद पाळकाच्या रजेत वारतात. त्यांच्या पत्नीला वाटते, ज्यांनी त्यांना शेवटच्या आजारपणात धीर दिला, मुलांची लग्ने लावली, त्यांनीच अखेरची प्रार्थना करावी. ही मागणी हट्टाची नव्हे. शोक ही ओळखीच्या आवाजाची गरज असते. पण पाळक एका अंत्यविधीसाठी परतले, तर पुढच्या कुटुंबाला नकार कोणत्या तोंडाने द्यायचा? आणि ज्यांच्यासाठी ते परतले नाहीत, त्यांच्या मनातील सल कायमची राहणार. म्हणून बहुतेक ठिकाणी, कोणत्याही अंत्यविधीसाठी परतायचे नाही, हे आधीच ठरवून सर्वांना जाहीरपणे सांगितले जाते. फार वृद्ध आणि गंभीर आजारी सभासदांना पाळक निघण्यापूर्वी आवर्जून भेटतात. कोणत्या प्रसंगी कोण येईल, हे त्यांना नावानिशी सांगून ठेवतात आणि शक्य झाल्यास त्या व्यक्तीला बरोबर नेऊन ओळख करून देतात. परतल्यावर त्यांची पहिली भेट या काळात शोक झालेल्या घरांना असते. एवढ्याने दुःख कमी होत नाही, पण उपेक्षा झाली अशी भावना राहत नाही.

‘आम्हाला कोण देतो रजा?’

या पद्धतीवर मंडळीतूनच होणारा एक आक्षेप गंभीरपणे ऐकण्यासारखा आहे. गिरणीत, दुकानात, रुग्णालयाच्या रात्रपाळीत राबणारा सभासद विचारतो की, मीही थकतो. मला तीन महिन्यांची भरपगारी रजा कोण देतो? माझ्या दानातून ती पाळकाला का द्यावी? या प्रश्नाला पाळकाचे काम किती कठीण आहे, एवढेच सांगून उत्तर मिळत नाही. कारण परिचारिकेचे कामही कठीणच असते.

याचे अधिक प्रामाणिक उत्तर लेवीयच्या त्या अध्यायातच आहे. सातव्या वर्षाचा विसावा याजकांसाठी राखून ठेवलेला नव्हता. त्यात मजूर होता, परका होता, जनावरेही होती. त्यामुळे पाळकाला रजा देणाऱ्या मंडळीने आपल्या आवारात झाडलोट करणाऱ्या माणसाला पगारी सुट्टी मिळते की नाही, हेही पाहायला हवे. सभासदांपैकी जे मालक आहेत, त्यांनी आपल्या नोकरांना विसावा मिळतो का, हे स्वतःला विचारायला हवे. काही मंडळ्या हा तीन महिन्यांचा काळ स्वतःच्याही विसाव्याचा मानतात. समित्यांच्या बैठका निम्म्यावर आणतात, नवे उपक्रम हाती घेत नाहीत आणि रविवारच्या वाचनासाठी विश्रांती हाच विषय निवडतात. रजा ही एका माणसाची मिरासदारी न राहता सर्वांसाठी एक उदाहरण झाली, तरच तिचे समर्थन करता येते.

पैशाचा प्रश्नही उरतोच. पाळकाचे वेतन चालू ठेवायचे आणि वर हंगामी पाळकाचे मानधन व प्रवासखर्च द्यायचा, हे लहान मंडळीला एकदम झेपत नाही. म्हणून काही चर्च दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवतात. सातव्या वर्षीच्या खर्चाची तरतूद पहिल्या वर्षापासून केली, की तो डोंगराएवढा वाटत नाही.

जेथे बिनसते

सर्व काही सुरळीत होतेच असे नाही. पहिल्या दोन-तीन रविवारी उत्सुकतेने भरलेली उपासना नंतर विरळ होऊ लागते. पाळकांसाठी येणारे आणि उपासनेसाठी येणारे यांतील फरक बाकांवर दिसू लागतो. आतापर्यंत पाळकाच्या मध्यस्थीने दबलेले जुने वाद डोके वर काढतात. कुणी त्याच्या अनुपस्थितीत चर्चची रीत बदलण्याचा घाट घालतो. एखादा पाहुणा वक्ता इतका आवडतो की, ‘हेच पाळक असते तर’ अशी कुजबुज सुरू होते. या कारणांमुळे रजेच्या काळात नेमणुका, मोठे खर्च आणि उपासनापद्धतीतील बदल यांबाबतचे निर्णय पुढे ढकलावेत, असा संकेत पाळला जातो.

सर्वांत मोठी भीती वेगळीच असते. पाळक परतलेच नाहीत तर? दूर गेल्यावर त्यांना दुसरीकडचे निमंत्रण मिळाले तर? या भीतीपोटी अनेक ठिकाणी रजेनंतर किमान एक वर्ष त्याच मंडळीत सेवा करण्याचे बंधन आधीच लेखी घेतले जाते. पाळकाच्या मनातही अशीच एक भीती असते आणि ती तो सहसा बोलून दाखवीत नाही. आपल्याविना सारे व्यवस्थित चालले तर आपली गरजच काय, ही ती भीती. सॅबॅटिकलचा खरा लाभ या दोन भीतींना सामोरे जाण्यात आहे. मंडळीला कळते की ती पाळकाविना उभी राहू शकते. पाळकाला कळते की तो मंडळीचा आधार असला, तरी तिचा पाया नाही.

परतल्यानंतरचा महिनाही महत्त्वाचा असतो. पाळक आला म्हणून लगेच सर्व किल्ल्या त्याच्या हाती सोपविल्या, तर तीन महिन्यांत शिकलेले वाया जाते. भेटी देणाऱ्या गटाने भेटी देणे चालू ठेवावे आणि ज्या तरुणीने पहिल्यांदाच प्रवचन दिले तिला वर्षातून दोनदा तरी पुन्हा संधी मिळावी, अशी काळजी जाणत्या मंडळ्या घेतात.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांना सॅबॅटिकल हा शब्द अपरिचित वाटला, तरी पाळकाविना चालण्याचा अनुभव त्यांना अपरिचित नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढच्या काळात मिशनरी काही वर्षांच्या सेवेनंतर दीर्घ रजेवर मायदेशी जात. त्या काळात शाळा, उपासना आणि खेड्यांतील भेटी यांचा भार स्थानिक शिक्षक, उपदेशक आणि बायबल शिकविणाऱ्या स्त्रियांवर असे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात मिशनच्या परंपरेतील मंडळ्याही सामील झाल्या. ग्रामीण भागात एकाच पाळकाकडे अनेक गावे असतात आणि तो प्रत्येक गावी दर रविवारी पोहोचू शकत नाही. तेथे गावातील जाणते स्त्री-पुरुषच प्रार्थना घेतात, शास्त्र वाचतात आणि गीते म्हणतात.

या कामी मराठी मंडळ्यांजवळ एक मोठी ठेव आहे, ती म्हणजे भजन-कीर्तनाची. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या समकालीनांनी रचलेली गीते ‘उपासना संगीत’ या संग्रहातून घरोघरी पोहोचली आहेत. पेटी आणि टाळ घेऊन चार माणसे बसली, की उपासनेला आरंभ होतो. त्यासाठी कुणाच्या दीक्षेची वाट पाहावी लागत नाही. खुद्द टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. वेतनावर आणि परकीय व्यवस्थेवर न विसंबता भक्तांनी स्वतः उभा केलेला समुदाय त्यांना हवा होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ते काम अपुरे राहिले.

शहरांतील मंडळ्यांची स्थिती मात्र याच्या नेमकी उलट आहे. शिकलेले, सक्षम सभासद तेथे भरपूर असतात, पण बहुतेक कामे पाळकाकडे सोपवून ते रविवारी श्रोत्यांच्या भूमिकेत येतात. पाळकाची बदली झाली, की नवा पाळक येतो आणि सारा भार पुन्हा एका माणसाच्या खांद्यावर जातो. तीन महिन्यांची भरपगारी रजा आपल्या मंडळ्यांना लगेच परवडेल, असे नाही. पण वर्षातून चार रविवार पाळकाला सक्तीने मोकळे ठेवावेत, त्या चार रविवारी मंडळीतीलच चौघांनी व्यासपीठ सांभाळावे आणि आजाऱ्यांच्या भेटींची वही एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडे द्यावी, इतके करायला अनुदानाची गरज नाही. एक कागद घेऊन पाळक काय काय करतो याची यादी करणे, ही त्याची सुरुवात. ती वाचून झाल्यावर प्रत्येकाने तिच्यातील एका ओळीपुढे आपले नाव लिहिले, तर पाळकाला विसावा मिळेलच; शिवाय तो कधी आजारी पडला किंवा बदलून गेला, तरी एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा गुरुवारचा दूरध्वनी चुकणार नाही.